डावऱ्याची नजर

"हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

"दोन्ही सारखीच."

"नीट बघा. हे... की हे?"

भिंगरीच्या नाकावर डोळे तपासायची जड चौकट बसवलेली होती आणि चष्म्याच्या दुकानातला तो उंच तरुण वीतभर अंतरावर वाकून एकेक भिंग बदलत होता. डाव्या हाताने. समोरच्या पाटीवरची अक्षरं तिला दिसत होती, नाही असं नाही. पण तो तिच्या डोळ्यांत असा सरळ बघत होता की अक्षरांकडे लक्ष देणं जरा जडच जात होतं.

"तिसरं काही नाही का?" तिने विचारलं.

"आहे. पण त्याने तुम्हाला काहीच दिसणार नाही."

"आत्ता तरी कुठे काय दिसतंय..."

तो हसला. पण तपासणी संपली आणि त्याची नजर जी खाली गेली ती वर आलीच नाही. "रविवारनंतर चष्मा न्या," हे त्याने तिला नव्हे, टेबलाच्या खणाला सांगितलं. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासून, चुकलेले काने-मात्रे हुडकून तिचे डोळे शिणले होते म्हणून ती आली होती. बाहेर पडली ती मात्र चिडून. बघणं हे त्याचं काम होतं. काम संपलं, बघणं संपलं. यात चिडण्यासारखं काय होतं, ते तिलाही कळेना.

खरी गंमत पुढच्या रविवारी झाली.

तिला घरच्यांनी भिंगरी हे नाव ठेवलं होतं, कारण ती चालायच्या आधी पळायला शिकली. सत्ताविसाव्या वर्षीही ते पळणं चालूच होतं. फक्त आता ती बायकांच्या बेसबॉल क्लबात पळत होती. तिची थोरली बहीण त्याच क्लबात कॅचर होती, फटका मारणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. पंधरा दिवसांवर मोठ्या संघाची निवड आली होती. बाकीच्या जागा भरल्यात जमा होत्या. उरली होती एक, बेस चोरणारीची. ही जागा दोन वर्षं भिंगरीच्या हातातोंडाशी येऊन निसटली होती. यंदाही हुकली तर बूट माळ्यावर टाकायचे, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

"तुमच्या सरावाला पुरुषांच्या संघातला डावरा पिचर आणलाय," प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या. "निवडीच्या दिवशीही तोच टाकणार. जपून राहा."

फर्स्ट बेसवर, धावेच्या पहिल्या टप्प्यावर, उभ्या असलेल्या भिंगरीने मान वर केली, तर चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या उंचवट्यावर चष्मेवाला.

आता बेस चोरायचा म्हणजे काय, तर पिचर कॅचरकडे चेंडू टाकत असताना फर्स्टवरून निघायचं आणि कुणी फटका मारण्याची वाट न बघता, कॅचरची फेक यायच्या आत सेकंडला पोचायचं. त्यासाठी आधीच बेस सोडून चार पावलं पुढे उभं राहावं लागतं, आणि नेमका त्या वेळी पिचरने चेंडू फर्स्टकडे फेकला आणि परतायला उशीर झाला तर जागच्या जागी बाद. उजव्या हाताच्या पिचरची निदान पाठ तरी असते आपल्याकडे. डावऱ्याचं तोंडच आपल्याकडे. तो उजवा पाय उचलतो, आपल्याकडे बघतो... आणि पुढे काय करणार ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या दिवशी त्याने तिला पाच वेळा बाद केलं.

"घोळ तुझ्या पायात आहे," मॅडम मातीत उकिडव्या बसून तिच्या बुटाच्या खुणा दाखवत म्हणाल्या. "हे बघ. निघायच्या आधी उजवा पाय मागे सरकतो, मग पुढे जातो. सेकंडला जायचंय ना? मग फर्स्टकडे काय ठेवलंय?"

"मुद्दाम नाही हो करत."

"मुद्दाम करत असतीस तर समजावलं असतं. उजवा पाय जागेवरच फिरव आणि डावा त्याच्यावरून ओलांडून टाक. पहिली तीन पावलं छाती खाली. तू तर ताडकन उभीच राहतेस, दारात पाहुणे आल्यासारखी."

भिंगरीने ते पाऊल शंभरदा टाकलं. पिचर नसला की पाय शहाण्यासारखा वागे. पण चष्मेवाल्याने उंचवट्यावरून तिच्याकडे बघितलं रे बघितलं की डोक्यात सुरू होई — हा बघतोय. का बघतोय? फेकणार म्हणून... की असंच? आणि तेवढ्यात उजवा पाय मागे.

मुद्रितं तपासणाऱ्या बाईला चूक सापडेपर्यंत चैन पडत नाही. मॅडमनी मोबाईलवर घेतलेले सरावाचे व्हिडिओ लावून भिंगरी वही घेऊन बसली आणि प्रत्येक फेकीपुढे खूण करत गेली. बघितलं. नाही बघितलं. इतर मुली बेसवर असताना काही ताळमेळ लागेना. स्वतःच्या फेकी तपासल्या, आणि तिने पान पुन्हा वरपासून वाचलं. तिच्याकडे बघितलं की चेंडू दर वेळी कॅचरकडे गेला होता. नजर वळवली की फर्स्टकडे. एकदाही चूक नाही.

"तुझ्याच वेळी?" ताईने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं. "आणि दुकानात तो बघत नाही म्हणालीस ना?"

"अजिबात नाही."

"मग सरळ आहे. नजर वळवली म्हणजे तुझ्याच दिशेने येणार."

"ताई, ते खेळापुरतं आहे."

"मी कुठे काय म्हटलं?" ताईने उशीचा अभ्रा झटकला. "आणि हे बघ, निवडीच्या दिवशी मी कॅचर आहे. ताई फक्त घरी."

दुसऱ्या दिवशी भिंगरी चष्मा आणायला गेली. तो तिने डोळ्यांवर चढवला.

"कानामागे टोचतंय का?" त्याने चष्म्याच्या डबीकडे बघत विचारलं.

"डबीला विचारताय की मला?"

"...दोघींना."

"मैदानावर तर चांगलं बघता."

"तिथे ते कामच असतं," तो म्हणाला आणि डबी पुसायला लागला. ती आधीच लख्ख होती. भिंगरी घरी आली ती जास्तच गोंधळून. तो मुद्दाम खूण करतोय की नकळत होतंय, ती त्याला आवडते की तो तिची कीव करतोय, काही म्हणता काही कळेना.

निवडीच्या दिवशी ऊन कडक होतं. भिंगरी चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली. त्याने नजर वळवली. ती फर्स्टवर परतली, पाठोपाठ चेंडू आलाच. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने पाय उचलला आणि तिच्याकडे बघितलं. रोजच्यापेक्षा जरा जास्तच वेळ. सापळा असेल का... हा विचार पुरा व्हायच्या आत तिचा उजवा पाय जागेवर फिरला होता आणि डावा ओलांडून पुढे पडला होता. छाती खाली. एक, दोन, तीन. मग तिने वर बघितलं, सेकंड दिसला, आणि तिने अंग मातीत झोकून दिलं. ताईचा चेंडू आला तेव्हा भिंगरीची बोटं बेसवर होती. जेमतेम होती, पण होती.

मॅडमनी यादीत तिचं नाव लिहिलं. मुलींनी तिला उचलून घेतलं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं आणि तिला नीट हसताही येईना. तो जरा जास्तच वेळ का बघत होता?

तो नळावर हात धूत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"एक विचारते. खरं सांगा. तुम्ही मला बेस दिलात का?"

"दिला म्हणजे?"

तिने वही पुढे केली. त्याने पान वाचलं, परत वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"हे मला माहीत नव्हतं."

"फक्त माझ्याच वेळी असं होतं. तुम्ही खूण केली असेल तर ही जागा माझी नाही. मी आत्ता जाऊन मॅडमना नाव काढायला सांगते."

"शेवटचा चेंडू मी कुठे टाकला, बघितलंत?"

"मी पळत होते."

"फटका मारणारीपासून हातभर बाहेर. तुमच्या ताईंना उठून थेट सेकंडला फेकता यावं म्हणून. त्यांनीच तसा मागितला. तुम्ही पळणार हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. आणि इतक्या जोरात मी आजवर कधी टाकला नव्हता. तिकडे बघा."

पलीकडच्या बाकावर ताई ग्लोव्ह काढून लालबुंद तळव्यावर फुंकर घालत होती.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला बाद करायचं ठरवलं होतं?"

"अगदी मनापासून."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. इतकं गोड तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. बेस तिचा होता, तिने पायाने मिळवलेला.

"मग हे वहीतलं काय?"

त्याने नळ बंद केला.

"तुला बाद करायचं असलं की..." तो थांबला. तुम्हीचं तू झालेलं दोघांनीही ऐकलं. "तेव्हा तुझ्याकडे बघवत नाही. बघितलं तर हात चुकेल, म्हणून आधीच नजर काढून घेत असेन. आणि कॅचरकडे टाकायचं असलं की मग... बघून घेतो. तेवढीच संधी. दुकानात तर धीरच होत नाही."

"मला वाटलं, काम म्हणून बघता."

"काम म्हणून बघितलं असतं तर तुझ्या वहीत काहीच सापडलं नसतं." आता तो सरळ तिच्याकडे बघत होता. "मला तू आवडतेस. चष्म्याच्या तपासणीला बसलीस तेव्हापासून."

"मलाही," भिंगरी म्हणाली. एवढंच म्हणायला तिला किती दिवस लागले होते. मग तिने वहीतलं ते पान फाडून त्याच्या ओल्या हातात दिलं. "हे सुधार. दुसऱ्या कुणाला कळायच्या आत."

"आणि तू?"

"सोमवारी सकाळी सातला संघाची बस आहे. दोन महिने शिबिर."

"दुकान दहाला उघडतं," तो म्हणाला.

"मग सहालाच ये."

त्या एका तासात काय बोलायचं याचा तिला पत्ता नव्हता, पण तो येणार याबद्दल मात्र तिच्या मनात आता जराही गोंधळ नव्हता.