रिकाम्या गाडीचा फोकस

वाघोलीत नगर रस्त्याला लागून दिगंबरचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांचं वायरिंग आणि दिवे, बाकी कशाला हात लावायचा नाही, हा त्याचा बाणा. इंजिनाचं कुणी काही विचारलं तर म्हणायचा, "तो दवाखाना पुढे आहे. इथे फक्त डोळे तपासतात." गोष्ट दोन हजार पाच सालची. कॉल सेंटरांनी तेव्हा पुण्याची झोप उडवली होती आणि संध्याकाळ झाली की पोरापोरींना न्यायला गाड्यांची रीघ लागायची. रात्रभर धावणाऱ्या त्या गाड्यांनी दिगंबरला बरे दिवस दाखवले. त्याची मुलगी तनया खराडीला अशाच एका ठिकाणी नोकरीला होती. तिची गाडीही रोज सातला दुकानापाशीच यायची.

दुकानामागे एका गोदामाची लांबलचक भिंत होती. ती दिगंबरने मालकाला विचारून पांढरी केली होती आणि तिच्यावर एक आडवी लाल रेघ ओढली होती. भिंतीपासून पंचवीस फुटांवर जमिनीत एक फरशी बसवलेली. गाडीची पुढची चाकं फरशीला टेकवायची, डिपर, म्हणजे खाली पडणारा उजेड, लावायचा आणि भिंतीवर उजेडाची वरची कड कुठे येते ते बघायचं. कडेच्या वर अंधार, खाली उजेड. दिव्यामागे दोन स्क्रू असतात. एकाने उजेड वरखाली होतो, दुसऱ्याने डावीउजवीकडे. कड रेघेवर आणली की झाला फोकस. इतकं सोपं, असं तुम्ही म्हणाल. पण खरी मेख पुढे आहे. मागे माणसं बसली की गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, नाक वर होतं, आणि रस्त्यावर पडायचा तो उजेड उठून समोरच्याच्या डोळ्यांत नाहीतर झाडाच्या शेंड्यावर जातो. ड्रायव्हरला वाटतं दिवे लख्ख आहेत. फक्त रस्ता दिसत नाही.

म्हणून दिगंबर गाडीत माणसं बसवूनच फोकस लावायचा. समोरचा चहावाला हिंमतराव, बसची वाट बघणारी कॉलेजची पोरं, जो सापडेल त्याला हाक जायची, "या हो, फोकसला बसा!" बसणाऱ्याला एक चहा. वीस वर्षांत नजर अशी तयार झाली होती की भिंतीकडे तोंड करून उभा असतानाही, कड किती बोटं वर सरकली यावरून मागे कोण चढलं ते त्याला कळायचं. हिंमतराव म्हणजे दीड बोट. कॉलेजचं पोरगं एक बोट. तनया शाळेतून आली की दप्तरासकट गाडीत उडी मारायची, तेव्हा ती पाव बोट होती. आता अर्धं.

डिसेंबर होता. सहा वाजून गेले होते, अंधारून आलं होतं आणि खडी क्रशरची धूळ गारठ्याने खाली बसत होती. जयसिंग नावाचा गावातलाच गाडीवाला एक पांढरीशुभ्र नऊ आसनी गाडी घेऊन आला.

"भाऊ, नवी घेतली. म्हंजे जुनीच, पण आपल्याला नवी. तेवढा फोकस बघा. सातला पिकअप हाय. तुमची तनयाबी ह्याच गाडीत हाय आजपासनं."

"कुणाची होती?"

"दलाल म्हणला, डॉक्टरची हाय. लई कमी चाललीय."

"पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरचीच असते," दिगंबर म्हणाला. "हे लोक पेशंट कधी तपासतात कोण जाणे."

जयसिंग हसला, किल्ली हातावर ठेवून रस्त्यापलीकडे मिसळ खायला गेला.

दिगंबरने गाडी फरशीला टेकवली. चाकांतली हवा बघितली, बरोबर होती. आधी रिकामीच बघून घेऊ, मग हिंमतरावला हाक मारू, असं ठरवून त्याने डिपर लावला. कड बरोबर रेघेवर. कुणीतरी रिकाम्यावरच लावला होता, माणसं बसली की वर जाणार. तो स्क्रूड्रायव्हर घ्यायला वाकला.

मागे पाटे करकरले.

त्याने मान वर केली. कड एक बोट वर सरकली होती.

"कोण आहे रे?"

तो मागे गेला, दार उघडलं. सीटवरचं नवं प्लॅस्टिक तसंच ताणलेलं होतं. पण आत वास येत होता... नव्या गाडीचा नाही, ओल्या उसाचा. नुकता तोडलेला, रस गळणारा ऊस. त्याने दार लावलं. इथे ऊस कुठून येणार, क्लीनरने खाल्ला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत काढली आणि पुन्हा पुढे येऊन उभा राहिला. हात पुसले. ते कोरडेच होते, तरी पुन्हा पुसले.

कर्र. आणखी एक बोट.

मग थोडं थांबून अर्धं.

मग एक. मग पुन्हा अर्धं.

कड आता रेघेच्या चार बोटं वर गेली होती आणि तिथेच स्थिर झाली. दिगंबरचं मन त्याच्या परवानगीशिवायच हिशेब करून मोकळं झालं. पाच माणसं. तीन पोरं, दोन पोरी. आपल्या मनात हे आलंच कसं, याचीच त्याला भीती वाटली.

भीती वाटली की कामाला लागायचं, ही त्याची जुनी सवय. त्याने बॉनेट उघडलं, उजव्या दिव्यामागे हात घातला आणि उजेड खाली आणायला स्क्रू पिळायला गेला. स्क्रू हलेना. हातातल्या बॅटरीचा झोत टाकला तेव्हा कारण दिसलं. स्क्रूच्या डोक्यावर मरून रंगाच्या नेलपेंटचा वाळलेला थेंब होता.

फोकस लावून झाला की स्क्रूवर नेलपेंटचा थेंब टाकायचा, म्हणजे हादऱ्याने तो फिरत नाही आणि कुणी छेडला तर कळतं. नगर रस्त्यावर हे फक्त दिगंबर करायचा. आणि नेलपेंट तनयाच्या बाटलीतलं असायचं.

त्याने बॉनेटला धरून ठेवलं. हीच गाडी, तेव्हा राखाडी होती. कोंडीराम नावाचा ड्रायव्हर ती घेऊन आला होता, गेल्या वर्षी, उसाच्या हंगामात. त्याच संध्याकाळी तनया पहिल्या पगाराचं जेवण देणार होती, आईबापांना लक्ष्मी रोडजवळच्या हॉटेलात घेऊन जाणार होती, आणि दोनदा फोन करून झाला होता. फोकसला बसायला कुणी सापडेना. सापडेना असं नाही, दिगंबरने शोधलंच नाही. रिकाम्या गाडीवर कड रेघेला टेकवली, थेंब टाकला आणि म्हणाला, "एक दिवस चालेल. उद्या माणसं बसवून बघू." जन्मभर लोकांच्या घाईला नावं ठेवणाऱ्या माणसाने एकदाच घाई केली.

त्या रात्री लोणी काळभोरच्या पुढे ती गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीत मागून घुसली. डावी बाजू सोलून निघाली. मागची पाच पोरं गेली, कोंडीराम वाचला. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, असं पेपरात आलं, आणि दिगंबरनेही ते चारचौघांत मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. महिन्याभराने कोंडीराम हाताला प्लॅस्टर घालून दुकानात आला.

"भाऊ, तुमी फकस्त पोलिसांना सांगा. उजेड समदा झाडावर जात व्हता. मला रस्ताच दिसत नव्हता हो..."

"फोकस बरोबर होता," दिगंबर म्हणाला होता. "तुलाच डुलकी लागली असेल."

कोंडीरामची केस अजून उभी होती. लायसन गेलं होतं. हल्ली तो हमाली करतो, असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि दिगंबरने विषय बदलला होता.

"झालं का, भाऊ?" जयसिंग तोंड पुसत आला. त्याच्या पाठोपाठ तनया, खांद्याला पर्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"पप्पा, हीच ना नवी गाडी? मस्त आहे! आज मला विंडो सीट." ती दाराकडे निघाली. "थांबा, मीच बसते फोकसला. पूर्वीसारखी."

"तनया, दार उघडू नकोस!"

तो इतक्या जोरात ओरडला की जयसिंगही दचकला. तनया जागच्या जागी थांबली, मग वळून त्याच्याजवळ आली. "काय झालं? बरं नाही का वाटत तुम्हाला?" तिची नजर उघड्या बॉनेटमध्ये गेली. बॅटरी अजून तिथेच जळत होती. "अय्या, हे माझं मरून नेलपेंट! मागच्या वर्षी संपलं ते. पप्पा, ही गाडी आपल्याकडे आधी आली होती?"

जयसिंगही बघायला लागला. "आली व्हती का, भाऊ?"

दिगंबरच्या ओठांवर सगळं आलं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचं आपोआप बाहेर पडलं असतं. कोंडीरामचं नाव धुऊन निघालं असतं. पण समोर तनया होती. लहानपणापासून ती सगळ्यांना सांगत आली होती की माझ्या पप्पांसारखा फोकस पुण्यात कुणी लावत नाही. तिच्या डोळ्यांत आपण कसे दिसू, एवढंच त्याला दिसलं. बाकी पाच घरं, कोंडीराम, कोर्ट, सगळं त्यामागे झाकलं गेलं.

"नाही," तो म्हणाला. "नेलपेंट काय जगात तू एकटीच लावतेस?"

मागे पाटे करकरले. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा, पाचदा. घाईने नाही, गाडी थांबल्यावर माणसं उतरतात तसे, एकामागून एक. भिंतीवरची कड खाली खाली येत पहिल्या जागी जाऊन थांबली.

"आत्ता कसा बसला फोकस!" जयसिंग खूश झाला. "चला, निघतो."

"अजिबात नाही. होल्डर जळलाय," दिगंबर म्हणाला आणि त्याने फ्यूजच काढून खिशात टाकला. भिंत काळी झाली. "ही गाडी आज जाणार नाही. तुझ्या भावाची गाडी मागव."

जयसिंग थोडा कुरकुरला, पण फोन लावायला लागला. भावाला यायला अर्धा तास होता आणि तनयाची वेळ चुकणार होती.

"मी सोडतो तुला," दिगंबर म्हणाला. आत कुठेतरी त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं. साप मेला आणि काठीही मोडली नाही. पोरगी त्या गाडीत बसली नाही, दुसरंही कुणी बसणार नाही, आणि आपल्याला काही बोलावंही लागलं नाही. उद्या ते दिवे सोडवून भंगारात टाकू. त्याने घाईघाईने स्कूटर काढली.

तनया मागे बसली. रस्त्याला गाड्यांची वर्दळ होती. ट्रकमागून ट्रक जात होते. दिगंबरने डाव्या कडेने स्कूटर धरली. त्याच्या स्कूटरचा फोकस डबल सीटचा होता, तनयाला मागे बसवूनच लावलेला. उजेडाचा गोल पंधरा पावलांवर डांबरावर पडला होता आणि तो बघून दिगंबरला जरा बरं वाटलं. रस्ता दिसतो आहे. पांढरा पट्टा दिसतो आहे.

"पप्पा, तुम्ही डॉक्टरला दाखवा एकदा," तनया म्हणाली.

"दाखवतो."

थोडं अंतर गेल्यावर गोल वीस पावलांवर गेला. खड्डा असेल, असं त्याला वाटलं. पण पुढे रस्ता सपाट होता आणि गोल परत आला नाही. स्कूटर मागून जड झाली होती, उतार असूनही चढाला लागल्यासारखी ओढत होती.

"तनया... नीट बसली आहेस ना?"

"हो. का?"

उजेड आणखी वर गेला. चाकापुढचं डांबर अंधारात बुडालं. मग आणखी थोडा, अर्धं बोट. दिगंबरने ब्रेक दाबला. स्कूटर थांबायचं नाव घेईना, मागचं वजन तिला पुढे ढकलत होतं. उजेड आता वडाच्या पारंब्यांवर चढला होता. प्रत्येक पारंबी लख्ख दिसत होती. रस्ता दिसत नव्हता. पुढे अंधारात काहीतरी उभं होतं, मोठं, दिवा नसलेलं, आणि वाऱ्यावर ओल्या उसाचा वास येत होता.

"तनया," तो कसाबसा म्हणाला, "ती गाडी... आपल्याकडे आली होती. मी तुला खोटं..."

तनयाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती रोजच्यासारखंच, जरा वैतागून म्हणाली,

"पप्पा, थोडं पुढे सरका ना. मागे फार दाटी होतेय."