प्रत्येक पानाला स्वतःचा देठ

"हाताला एकदा वास लागला, की नाकाचं ऐकू नका," ह्रिबार मॅडम वनस्पतीशास्त्राच्या पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या. "रानलसणीचं प्रत्येक पान देठापासून बघून घ्या. दहावं पान खुडेपर्यंत बोटांना इतका वास येतो, की विषारी पानही लसणीचंच वाटतं."

मी तेव्हा वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसले होते. दर एप्रिलला आईबरोबर रानलसूण खुडत मोठी झालेली मुलगी मी... मला काय शिकवणार?

त्या शनिवारी सकाळी ल्युब्लियानाच्या टेकडीवरून पिशवीभर पानं आणली आणि घरमालकीण पावला आजींच्या दाराला अडकवून ठेवली. अकराच्या सुमारास पुन्हा त्याच जागी गेले, या वेळी स्वतःसाठी. भुरभुर पाऊस होता. झाडांवरून थेंब इतके सावकाश पडत होते, जणू पडावं की नाही हे ठरवत होते. एक पान चघळत मी वाकले, आणि मागून आवाज आला,

"थुंक ते."

वळून बघितलं. ओले केस, चिखलाने माखलेले गुडघे, हातात मुळासकट उपटलेलं रोपटं. वर्गातला लोव्रो! मागच्या बाकावर बसणारा, सहा महिन्यांत माझ्याशी एक शब्द न बोललेला.

"का? जंगल तुझ्या नावावर आहे?"

"नाही. पण प्रयोगशाळेच्या यादीत तू माझी जोडीदार आहेस. तू मेलीस तर मला एकट्यालाच कांद्याची मुळं कापत बसावं लागेल."

"लसूणच आहे रे हे! घे, वास घे." मी हात त्याच्या नाकाशी नेला.

त्याने तो बाजूला सारला नाही. नुसता धरून ठेवला... जरा जास्तच वेळ.

"हा तुझ्या हाताचा वास झाला, ब्रीना. मी पानाचं विचारतोय."

त्याने रोपटी दाबायला आणलेलं वर्तमानपत्र गवतावर पसरलं आणि माझी पिशवी त्यावर उलटी केली. एकेक पान उचलत तो सांगत गेला, "रानलसणीच्या प्रत्येक पानाला स्वतःचा देठ असतो. बघ... याला आहे, याला आहे..." मी पानांकडे कमी आणि त्याच्या पापण्यांवरच्या थेंबांकडे जास्त बघत होते. मग त्याची बोटं थांबली.

एकमेकांना मिठी मारून बसलेली दोन चकचकीत पानं. देठ नाही. शरद ऋतूत कुरणात जांभळी फुलं येणाऱ्या पोदलेसेक नावाच्या विषारी रोपाची. प्रयोगशाळेत त्याचं विष कुलपात ठेवतात.

"लोव्रो—" मी त्याची बाही धरली. "सकाळची पिशवी... पावला आजी... बारा वाजता सूप पितात त्या."

"फोन कर!"

"स्वयंपाक करताना कानातलं यंत्र काढून ठेवतात."

पुढचं मला अजूनही स्वप्नासारखं आठवतं. त्याच्या सायकलच्या दांड्यावर बसलेली मी, गालाला लागणारा पाऊस, उताराला सुटलेली चाकं, आणि माझ्या पाठीशी धडधडणारं त्याचं काळीज. की माझंच होतं ते?

पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दार उघडंच होतं. टेबलावर दोन वाडगे, त्यात हिरवंगार सूप. आजी समोर हात बांधून बसलेल्या.

"किती उशीर ग! एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही माझ्या."

लोव्रोने वाडगे उचलले आणि सगळं सूप ओतून टाकलं. आजींचा पारा चढला. त्याने त्यांच्या कानाशी जाऊन, ओरडून ओरडून सगळं समजावलं. त्या सूपात तसलं पान होतं का, हे शेवटपर्यंत कळलंच नाही.

"हा कोण?" आजींनी अंडी फोडता फोडता विचारलं.

"वर्गातला आहे."

"वर्गातली मुलं अशी धापा टाकत येत नसतात. बस रे, तीन अंडी चालतील?"

मे महिन्यात तेच विष, अगदी पातळ करून, आम्ही कांद्याच्या मुळांना दिलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोव्रो हळूच म्हणाला, "बघ... गुणसूत्रं दुप्पट झाली, पण पेशीच्या दोन झाल्याच नाहीत. वेगळं व्हायचंच नाही म्हणते."

"पेशी म्हणते ना?"

"नाही," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मी म्हणतोय."

मी बाकाखाली त्याचा हात शोधला... तो आधीच माझ्याकडे निघालेला होता.

आता आमची ईवा दहा महिन्यांची आहे. दिसेल ते तोंडात घालते, आणि मी दिवसभर तिच्या मुठी उघडून बघते. लोव्रो हसतो. हसू दे.

पण ती निदान माझ्या डोळ्यांसमोर असते. त्या दिवशी आजी आमच्या धावपळीने वाचल्या नाहीत. एकटीने जेवायचा त्यांना कंटाळा होता, म्हणून वाचल्या. असा कंटाळा सगळ्यांनाच परवडत नाही. तुमच्या जिन्यात कुणी एकटं राहत असेल, तर आज जेवणाआधी त्यांचं दार वाजवा. काय शिजवलंय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.