शिवलीलाचे डोळे

ऐका रे. इथे राजाजीनगरातच, मागच्या गल्लीत, शिवलीला राहते. चिकपेटेत साडीच्या दुकानात कामाला आहे. खोटं वाटलं तर उद्या तिलाच विचारा.

ती ज्यांच्यासमोर चित्रासाठी बसायची, ते चित्रकार पुरुषोत्तम वारले, तेव्हा त्यांच्या बहिणीने तिला बोलावलं. "तुझं चित्र आहे, घेऊन जा. मला घरात नको वाटतं." शिवलीलाने ते रिक्षात घालून आणलं.

जाड जाड फटकारे, गालावर हिरवी सावली, केसांभोवती निळी रेघ. जवळून नुसता रंग, लांबून हुबेहूब ती. डावा कान आणि डोळे तेवढे रंगवायचे राहिले होते. तिथे कोरं कापड.

सकाळी उठून बघते तर चित्रात कान! रंग ओला. आणि हिला डाव्या कानाने ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, कानात काहीच दोष नाही.

शिवलीला काय ते समजली. चित्रात जे येतं, ते तिचं जातं. चित्र परत न्यायला ती तयार नव्हती. "माझा चेहरा आहे तो," म्हणाली.

ती रात्र भीमन अमावास्येची, म्हणजे आषाढातल्या दिव्याच्या अवसेची. दिवा मालवून ती चित्रासमोर बसून राहिली. मग तेलरंगाचा वास आला...

"हलू नको, पोरी. स्वल्प वेळ. डोळेच राहिलेत."

पाय उचलेनात. खिडकीतला रस्त्यावरचा उजेड विझत चालला. रस्त्यावरचा दिवा तर चालू होता. विझत होते तिचे डोळे...

"नाही," ती म्हणाली.

ब्रश कापडावर घासल्याचा आवाज येतच राहिला.

"दिवस दिवस बसवलंत मला. मान वर केली की खेकसायचात. आता नाही बसणार."

ती उठली. अंधारात हात घातला. गार बोटं लागली. ब्रश हिसकावला. जन्मात कधी ब्रश धरला नव्हता. चाचपत, चाचपत तिने दोन डोळे काढले.

"हे माझे. माझ्या हातचे."



मग बहिऱ्या कानाला ऐकू आलं. कुणीतरी सुस्कारा टाकला.

सकाळी तिला सगळं लख्ख दिसत होतं. चित्रातले डोळे वाकडे, एक मोठा, एक लहान. पण सरळ समोर रोखलेले. तिने ते दारासमोरच टांगलं.

खालच्या कोपऱ्यात सही आहे. तिने केलेली नाही. अक्षर पुरुषोत्तमांचं, त्यांच्या बहिणीने ओळखलं. नाव मात्र... 'शिवलीला'.

आज वर्ष झालं. सहीला बोट लावा. रंग अजून ओला आहे.