दगडाखालचा कोळसा

सकाळी आठच्या ठोक्याला मोजणीदाराचा फोन वाजला.

"लगेच या. शेजारी म्हणतो, माझं स्वयंपाकघर त्याच्या जागेत आहे. पाडायला सांगतोय."

फोनवर नर्सबाई होत्या. तीस वर्षं रुग्णांचं करून त्यांनी सहा महिन्यांपूर्वी भावाकडून घर घेतलं होतं. आधी मोजून घ्या, असं मोजणीदाराने तेव्हाच बजावलं होतं. "सख्ख्या भावाची मोजणी करू?" बाई दुखावल्या होत्या. असल्या भाबडेपणाची मोजणीदाराला मनस्वी चीड होती.

अंगणात भाऊ आणि शेजारी हमरीतुमरीवर आले होते.

"मी दोन वर्षं मुलीकडे होतो," शेजारी म्हणाला. "येऊन बघतो तर ही खोली उभी."

भावाने मागच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड दाखवला. "खोली दगडाच्या आत आहे. अजून काय हवं?"

मोजणीदाराने नकाशा उघडून टेप लावला. दगड चार हात शेजाऱ्याच्या जागेत सरकला होता.

"स्वयंपाकघर कधी बांधलंत?"

"विकायच्या आधी," भाऊ म्हणाला. "चावी दिली तेव्हा फरशीचा एक तुकडासुद्धा मागे ठेवला नव्हता. विचारा हिला."

"खरंय," बाई म्हणाल्या. "अंगण लख्ख होतं."

मोजणीदाराने दगड उपटला. खाली हिरव्या फरशीचे तुकडे होते, स्वयंपाकघरात होती तीच फरशी. मग नकाशातल्या जागी त्याने हातभर खणलं. मुठीएवढा कोळसा निघाला.

"आमचे जुने लोक हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे," तो म्हणाला. "तो कुजत नाही. दगड हलवणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. दगड मूळचा इथला. तो तिकडे नेला फरशी बसल्यावर, कारण खाली तिचेच तुकडे आहेत. आणि बाईंना चावी मिळायच्या आधी, कारण नंतर तुकडा उरलाच नव्हता. तेव्हा शेजारी गावाला, बाई भाड्याच्या घरात. इथे एकटे तुम्हीच होतात."

भाऊ बहिणीकडे बघत पुटपुटला, "तू मोजून घेणार नाहीस, हे माहीत होतं मला."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकघर गेल्याहून हे वाक्य त्यांना जास्त लागलं. त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि टेपचं टोक उचलून भावाच्या हातात दिलं.

"मोजणीदार, बाकीच्या बाजूही मोजा," त्या म्हणाल्या. "दादा, नीट धर."