दोन थापा, मग एक

विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, नाहीतर या वेळेला मी ही गोष्ट कुणाला सांगत नाही. जरा सरकून बसा. आणि तो मोबाईल पालथा ठेव गं, उजेड डोळ्यांवर येतोय.

माझ्या दुकानाला लागून चष्म्याचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलंय. त्या चष्मेवाल्याची ही हकीकत. माझ्याहून वयाने बराच लहान, पण वीस वर्षांचा शेजार आहे आमचा. मी कपड्यांची मापं घेतो, तो डोळ्यांची. दोघंही गिऱ्हाइकाला ‘छान दिसतंय’ म्हणतो आणि दोघंही अधूनमधून खोटं बोलतो. राहायलाही आम्ही एकाच इमारतीत. तो वरच्या मजल्यावर, मी खालच्या. त्यामुळे तिसऱ्याकडून ऐकलेलं असं यात फार थोडं आहे.

त्याचे वडील बसचे ड्रायव्हर. सगळी नोकरी रात्रीच्या गाडीवर. इथून गाडीने चार-साडेचार तासांवर एक गाव आहे, तिथे त्यांचं घर. छोटंसंच. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक अंधारी खोली, मागे न्हाणीघर. म्हाताऱ्याने स्वतःच्या पगारातून बांधलेलं. ते घर कधी भाड्याने दिलं नव्हतं, कधी गहाण पडलं नव्हतं. विकणं तर लांबच राहिलं.

हे घडलं त्याच्या दीड वर्ष आधी म्हाताऱ्याला झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. हात लाकडासारखा, पाय तसाच. वाचाही गेली, एक शब्द तेवढा राहिला. ‘घरी.’ पाणी हवं असलं तरी ‘घरी’, कूस बदलायची असली तरी ‘घरी’. चष्मेवाल्याने त्यांना इथे आणलं. लोखंडी पलंग आणला, बाजूला कठडा असलेला, दवाखान्यात असतो तसा. सून खरंच चांगली. तोंड वाकडं न करता सगळं करायची.

म्हातारा म्हणायचा, “घरी?” आणि हा म्हणायचा, “हो बाबा, रविवारी जाऊ.” दर वेळी रविवार. म्हाताऱ्याला वार कळत नसेल अशी याची समजूत.

मग बहिणीशी बोलून ठरलं, घर काढून टाकायचं. गळायला लागलं होतं, बंद घराला वाळवी लागते, दोन्हीकडे लक्ष देणं याला झेपेना. दलाल म्हणाला, “गिऱ्हाईक रविवारी सकाळी येतंय. पण साहेब, घर आधी तयार करा. बघणाऱ्याला तुमचं घर दिसता कामा नये, त्याचं स्वतःचं दिसायला हवं. फोटो काढा, खिळे उपटा, भोकं बुजवा. इथे कोणी राहिलंच नव्हतं असं वाटलं पाहिजे.”

हा शुक्रवारी निघाला. जाताना वडिलांना म्हणाला, “दुकानाचा माल आणायला जातोय.” म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. या खेपेला ‘घरी’ म्हणाला नाही. दाराबाहेर येऊन मला सांगितलं त्याने. “काका, आज काही बोललेच नाहीत.” मी म्हटलं, “झोपेत असतील रे.”

दोन दिवस तो राबला. मोरीत कबुतरांनी घरटं केलेलं. नळ गंजलेले. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली रिकामे डबे इतके की सगळं आयुष्य डबे जमवण्यातच गेलं की काय असं वाटावं. म्हाताऱ्याने कुठल्यातरी मोडीत निघालेल्या बसचा भोंगा आणून भिंतीला ठोकला होता, लहानपणी या भावंडांना जेवायला बोलवायला तो वाजवायचे. भंगारवाल्याने तो सायकलला लटकवला आणि गल्लीभर वाजवत गेला. हा दारात उभा राहून हसला. मग त्याला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. सगळं त्यानेच सांगितलंय मला.

शनिवारी दुपारी कुलूपवाला येऊन गेला. पुढच्या दाराची जुनी कडी काढून त्याने नवं लॅच बसवलं. आतून मूठ फिरवली की उघडतं, ते. चारदा उघडून दाखवलं. लोण्यासारखं फिरत होतं. दार मात्र जुनंच. जाड, रंग उडालेलं, बाहेरच्या अंगाने पार फुटलेलं, कपच्या निघालेलं. दलाल म्हणाला होता, रंगाचं नंतर बघू.

संध्याकाळपर्यंत घर रिकामं. भिंती पांढऱ्या. एक सतरंजी, एक पिशवी आणि हा. बोललं की आवाज परत येत होता.

जानेवारीतला दुसरा शनिवार होता तो. मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी थंडीने माझी बोटं सुईवर चालत नव्हती. तिकडे गल्लीतले लोक लवकर दारं लावून बसले होते. हा पुढच्याच खोलीत सतरंजीवर पडला. थकला होता, लगेच डोळा लागला.

मध्यरात्र उलटून गेली असेल. दार वाजलं.

दोन थापा. मग थांबून एक.

हा झोपेतच उठला. तसाच दाराकडे गेला, अर्धे मिटलेले डोळे घेऊन. कारण ती थाप त्याच्या अंगात मुरलेली होती. लहानपणी वडील ड्यूटीवरून अपरात्री यायचे. आई दिवसभराची दमलेली, तिला जाग यायची नाही. म्हणून बापलेकांचं ठरलेलं. दोन थापा, मग एक, म्हणजे बाबा आले. हा पाटावर चढून कडी काढायचा आणि वडील म्हणायचे, “काय मालक, घेता का आत?”

हाताला मूठ लागली. गार. तेव्हा त्याला पूर्ण जाग आली.

बाबा तर तिकडे...

त्याने विचारलं, “कोण?”



शेजारी असेल म्हणून त्याने मूठ फिरवली. ती फिरली. दार उघडलं नाही. ओढलं. खांदा लावून हिसका दिला. चौकटीत ओतल्यासारखं बसलेलं.

पुन्हा थाप. दोन. मग एक.

“थांबा, मागून येतो,” असं ओरडून तो मागच्या दाराने बाहेर पडला. ते निमूट उघडलं. बोळातून धावत पुढे आला.

दारापुढे कोणी नव्हतं. गल्लीच्या दिव्याचा उजेड पायरीवर सरळ पडला होता. समोरच्या ओट्यावर कुत्रं झोपलेलं. त्याने मानसुद्धा उचलली नाही. याने बाहेरून किल्ली लावली, ढकललं. दार हललं नाही. दोन्हीकडे गल्ली पाहिली. कोणी नाही. पावलांचा आवाज नाही.

मागून आत आला.

आत पाऊल टाकतोय तोच... दोन. मग एक.

पुन्हा बाहेर धावला. काही नाही. आत आला. वाजतंय. असं तो किती वेळा फिरला, त्याचं त्यालाच सांगता येत नाही. बाहेर गेलं की शांत. आत आलं की कोणीतरी दाराशी उभं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको.

“अहो, तुम्ही जागे आहात? बाबांना काहीतरी होतंय.”

“काय होतंय?”

“हात. कठड्यावर आपटताहेत. मी धरतेय तर मला आवरत नाही. सोलून निघाला हो हात...”

“डावा?”

“काय?”

“अगं, डावा हात ना?”

“उजवा,” ती म्हणाली.

दीड वर्ष ज्या हाताची बोटं हलली नव्हती, तो हात. आणि मग त्याला फोनमधून ऐकू आलं. लोखंडावर. दोन. मग एक.

समोरच्या दारावरही. त्याच क्षणी.

त्याने फोन कानापासून लांब धरला. मग पुन्हा कानाला लावला. दोन्ही आवाज एकच होते. मागेपुढे नाही. एकच.

“फोन त्यांच्या कानाला लाव,” तो म्हणाला.

“अहो, पण...”

“लाव म्हणतो ना!”

खरखर झाली. जड श्वास ऐकू आला.

“बाबा. मी आहे. आत आहे मी. उघडतोय. थांबा, हां... उघडतोय.”

थाप थांबली. इकडेही. तिकडेही.

बघा, ही त्याला सगळ्यात वाईट आठवण वाटते. त्यांनी ऐकलं. ते थांबले. पोराने सांगितलं म्हणून विश्वासाने थांबले.

आणि याला दार उघडेना.

त्याने फोन सतरंजीवर टाकला, स्पीकर चालू ठेवून. दोन्ही हातांनी मूठ धरून, पाय भिंतीला लावून ओढलं. नाही. पिशवीतून पेचकस काढला. एकेक स्क्रू काढला. नवं कोरं लॅच निघून त्याच्या पायावर पडलं. आता दाराला कुलूप नाही, कडी नाही, काही नाही. नुसती फळी. भोकात बोटं घालून ओढलं.

दार तसूभर हललं नाही.

“बाबा, थोडं थांबा...”

पुन्हा थाप सुरू झाली. या वेळी हळू. दमलेल्या माणसाची. दोन... आणि मग कितीतरी वेळाने... एक.

फोनमधून बायको रडत होती. “अहो, या ना. या ना तुम्ही.”

कुठे येणार? चार तासांची वाट. आणि इथे दोन बोटांची फळी. त्याला ना तिकडे पोचता येत होतं, ना इथे.

लॅचच्या भोकातून गल्लीचा उजेड आत येत होता. रुपयाएवढा. त्याच्या छातीवर पडलेला.

तो उजेड यायचा थांबला.

बाहेर, दाराला अगदी लागून, कोणीतरी उभं होतं.

याची वाकून भोकातून पाहायची छाती होईना. तो तसाच उभा राहिला. श्वास ऐकू येत होता. फोनमधून की दारामागून, कळत नव्हतं.

मग दाराला काहीतरी टेकलं. थाप नव्हती ती. मऊ, जड असं काहीतरी. माणूस दमून डोकं टेकतो ना... तसं.

याने आतून आपलं कपाळ टेकलं. त्याच जागी.

किती वेळ... कोण जाणे.

“थांबला हात,” बायको म्हणाली. अगदी हळू. “अहो... श्वास पण...”

भोकातून उजेड परत आत आला.

आणि दार, ते दार, आपोआप सैल होऊन आत आलं. वाऱ्याने यावं तसं. पायरी रिकामी. कुत्रं झोपलेलं.

त्याच्या बायकोने मला खालून बोलावलं तेव्हा मी धावत वर गेलो. म्हातारा उताणा पडला होता. उजवा हात कठड्यावरून खाली लोंबत होता. मी डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, झटका येताना असं होतं, निकामी अवयवही उडतो. ‘तुमच्या हातात काही नव्हतं,’ असंही म्हणाले. ते सांत्वनाला म्हणाले असतील, पण चष्मेवाला उजाडताना आला आणि त्याला ते कळलं, तेव्हा तो स्वतःच्या हातांकडेच बघत बसला. बोटांची नखं उखडलेली होती.

घर नंतर विकलं गेलं. घेणाऱ्यांना काही त्रास नाही. त्यांनी ते दार बदललं, मोठी काच लावली, पोरंबाळं नांदताहेत सुखाने. हा मात्र अजून आपल्या फ्लॅटचं दार रात्री आतून लावत नाही. नुसतं लोटून ठेवतो. बायको सुरुवातीला भांडली, आता भांडत नाही.

काय म्हणालास? मनाचे खेळ? असतील रे बाबा. दोन दिवस उपाशीपोटी राबलेला माणूस, रिकामं घर, मनात अपराध. मीही तेच म्हणालो असतो. फोनवर ऐकलं ते त्याला दारावर वाजल्यासारखं वाटलं, एवढंच. मी त्याला तसं म्हणालोही असतो.

पण सकाळी म्हाताऱ्याचा चेहरा मी पुसला. सुनेचे हात चालत नव्हते, म्हणून मी ओलं फडकं घेतलं. कपाळावरून फिरवताना मला काहीतरी टोचलं. मी दिव्याखाली वाकून बघितलं.

दीड वर्ष त्या माणसाने उशीवरून डोकं उचललं नव्हतं. पलंग लोखंडी, कठडा लोखंडी.

भुवईच्या वर, कातडीत रुतलेली, लाकडाची बारीक कपची होती. जुन्या लाकडाची. आणि तिच्याभोवती रक्त अजून ओलं होतं.