तिसरी गोळी

दुरी मास्तरांनी बोल्ट ओढून काढला, रुमालावर ठेवला आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. त्याआधी दस्ता पाहून झाला होता. त्याची खालची कड कुरतडल्यासारखी झिजलेली, म्हणजे बंदूक कैक हिवाळे बर्फात टेकून उभी राहिलेली. नळीवरचा आणि बोल्टवरचा आकडा एकच. नळीच्या तोंडात काडतुसाचं टोक घालून पाहिलं, ते जिथे अडायला हवं तिथेच अडलं. दस्त्यामागच्या पत्र्याखाली सैनिकाच्या नावाची चिठ्ठी असते. ती पाणी लागून कोरी झाली होती.

“लोक गाय घेताना दात बघतात, मास्तर,” क्लाउ म्हणाला, “तुम्ही तर पोटातच शिरलात.”

“रोग पोटातच असतो.”

क्लाउ गावचा चीज करणारा. लष्कराच्या लिलावात त्याने ही कारबाइन उचलली होती. आता खांदा धरल्यामुळे विकायला काढली.

मास्तरांनी नळीला डोळा लावला. आतले पीळ लख्ख होते, घासलेल्या चांदीसारखे. फक्त पलीकडच्या गोल उजेडात पांढरे कण दिसत होते. त्यांनी दोरीला चिंधी बांधून आरपार ओढली. चिंधी कोरडी आणि स्वच्छ निघाली. पुन्हा पाहिलं. कण होतेच, आणि आता ते खाली येत होते. सावकाश, एकामागून एक.

बाहेर सप्टेंबरचं ऊन पडलं होतं. क्लाउची सून अंगणात चादरी वाळत घालत होती.

“डोळे तपासून घ्यायला हवेत,” मास्तर म्हणाले.

“मेंगियावहिनींनी धाडलं म्हणून आलात ना? बरं केलंत. घरात बसून माणूस कुजतो.”

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांचा मुलगा अँड्री, लष्करात कोवळा रंगरूट, खिंडीवरच्या चौकीतून गस्तीला निघाला आणि वादळात हरवला. अशा वेळी गावातून बंदुकीचे बार काढतात. चुकलेला माणूस आवाजाच्या रोखाने खाली येतो. मास्तर आपली बंदूक घेऊन अंगणात उतरले होते. पण वाटाड्यांनी हात धरला. आवाजाने कड्यावरचा बर्फ सुटेल, म्हणाले, सगळं गाव गाडलं जाईल. मास्तरांनी ऐकलं. बर्फ काही सुटला नाही, आणि अँड्रीही परत आला नाही. त्यांची बायको मेंगिया एकदाच म्हणाली होती, “एक तरी झाडायचीत.” वसंतात त्यांनी ती बंदूक विकून टाकली.

दुपारी दोघं ओढ्यापलीकडच्या नेमबाजीच्या छपरीत गेले. निशाणं तीनशे मीटरवर. त्यांच्याखालच्या चरात गुण सांगायला गिएरी बसला होता, हाताशी टेलिफोन घेऊन.

मास्तर आडवे झाले. पहिली गोळी सुटली.

“नऊ!” टेलिफोनवर गिएरी ओरडला. “नऊ वर्षांनी नऊ! हात जिवंत आहे की हो, मास्तर!”

त्यांनी बोल्ट काढून नळीतून पाहिलं. निशाण दिसायला हवं होतं, तिथे बर्फ पडत होता. आता दाट. खाली पांढरा उतार, आणि उतारावर तिळाएवढं काहीतरी काळं. ते चालता चालता थांबलं होतं.

“क्लाउ, जरा बघ रे.”

क्लाउने डोळा लावला. “काय बघू? नळी आहे. आरशासारखी.”

दुसरी गोळी.

“दहा!”

मास्तरांनी घाईने बोल्ट काढला. तीळ मोठा झाला होता. माणूस होता तो. कंबरभर बर्फातून इकडेच येत होता, डावा खांदा पाडून, शाळेत दप्तर घेऊन यायचा तसाच. मास्तरांच्या छातीत काहीतरी सुटलं, गाठ सुटावी तसं. आवाज त्याला ऐकू आला होता. आवाजाच्याच रोखाने तो येत होता.

तो परत थांबला. डोकं इकडेतिकडे वळवू लागला. वाट चुकत होता.

“ये,” मास्तर पुटपुटले. “इकडे ये, बाळा.”

“कुणाशी बोलताय?”

मास्तरांनी तिसरं काडतूस भरलं. गोळी वर, मोकळ्या आभाळात झाडायला हवी होती. पण तीस वर्षं हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. अर्धा श्वास रोखला गेला, काळ्या ठिपक्याखाली नळीच्या टोकावरची माशी टेकली आणि चाप आपोआप मागे आला.

बार ओढ्यावरून घुमत गेला.

टेलिफोन वाजेना.

मग वाजला. “मास्तर, झाडलीत ना?”

“झाडली.”

“कागदावर दोनच भोकं आहेत. शेजारचं निशाणही पाहिलं. मागच्या मातीतही काही नाही.”

मास्तरांनी बोल्ट काढला. पितळी पुंगळी चटईवर पडली.

नळीतून उतार दिसला. कुणी उभं नव्हतं.

अगदी जवळ, खाली, काहीतरी काळं पडलं होतं. बर्फ त्याला हळूहळू पांढरं करत होता.

“कशी काय वाटली?” क्लाउने विचारलं.

“घेतो.”

तिला दुसऱ्या कुणाच्या हाती देणं शक्यच नव्हतं.

पुढचा उन्हाळा कडक निघाला आणि खिंडीवरच्या हिमनदीने अँड्रीला बाहेर टाकलं. लष्कराचा एक तरुण अधिकारी घरी आला. टोपी गुडघ्यावर ठेवून त्याने एक कागद वाचला. मुलगा गावावरच्या गुराख्यांच्या झोपडीपासून दोनशे पावलांवर सापडला होता. तोंड गावाकडे होतं. त्याला वाट सापडली होती, असं दिसतं.

मेंगियाने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

“म्हणजे कुणीतरी बार काढला होता,” ती म्हणाली. “त्याला ऐकू आला होता. अहो, कुणीतरी काढला होता!” नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदाच ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “कुणी का असेना, देव त्याचं भलं करो.”

अधिकाऱ्याने घसा खाकरला आणि मांडीवरच्या पाकिटातलं दुसरं पान, डॉक्टरांच्या तपासणीचं, काढायला हात घातला.

टेबलाखालून मास्तरांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.