सखीरच्या माळावरचं यॉर्क

पोह्यांचा डबा, पाण्याचा थर्मास आणि फक्कीचं एक पोतं गाडीत टाकून तिघं शुक्रवारी, आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळीच झिंजच्या घरून निघाली. १९९४ सालचा मे महिना होता.

"अहो, कोणाला कळलं तर हसतील नं लोक?" सीमानं नवऱ्याला शेवटचं विचारून पाहिलं.

"हसू दे," समाधान म्हणाला.

समाधान एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर होता. कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरवायचा, हे त्याचं रोजचं काम. जुलैच्या लीव्हमध्ये लंडनला जायचं ठरलं होतं. बाबासाहेब राहिले ते घर पाहायचं, आणि एक दिवस उरत होता तो यॉर्कसाठी. यॉर्क हे त्याच्याकडं राहायला आलेल्या वडिलांचं, यादवरावांचं वेड. अकोल्याच्या शाळेत इतिहास शिकवत असताना त्यांनी त्या गावाची चित्रं एका कॅलेंडरवर पाहिली होती. गावाभोवती तट, आत भलंमोठं चर्च, आणि खाटकांची जुनी गल्ली, इतकी चिंचोळी की वरचे मजले एकमेकांना टेकायला आलेले. त्या गल्लीतून एकदा चालायचं, असं तेव्हापासून म्हाताऱ्याच्या डोक्यात बसलं होतं. गुडघे मात्र पार कामातून गेलेले.

"मले काय धाड भरली?" ते म्हणायचे. "चालतो मी."

म्हणून समाधाननं ही शक्कल काढली. सखीरच्या सपाट माळावर यॉर्कचे रस्ते खऱ्या मापानं आखायचे आणि बाबांना सगळी फेरी चालायला लावायची. जमलं तर यॉर्क. नाही जमलं तर त्या दिवशी त्यांनी लंडनला मित्राच्या घरी बसायचं. म्हातारा अर्ध्यात बसकण मारेल आणि स्वतःच नको म्हणेल, अशी त्याची अटकळ होती. वडिलांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, दुसरं काय!

आखणी तो आदल्या दिवशीच करून गेला होता. लांबवर तेलाची पाइपलाइन सोडली तर माळावर नजर अडायला काही नव्हतं. खुंट्या जागच्या जागी होत्या, फक्कीच्या पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या.

यादवराव काठी टेकत निघाले. तटाच्या कडेनं गेले, चर्चच्या चौकोनापाशी टोपी काढून उभे राहिले, पुन्हा चालू लागले. बसायचं नाव नाही. समाधानला घाम फुटला होता आणि मनातून थोडा रागही आला होता.

मग ते गल्लीत शिरले आणि काठीचा आवाज बदलला. इतका वेळ ती वाळूत नुसती रुतत होती. आता टक टक वाजायला लागली. खाली खडक लागला असेल, समाधाननं मनाशी म्हटलं. पण तिथल्या खुंट्या त्यानंच ठोकल्या होत्या. तिथं खडक नव्हता.

मधेच यादवराव थांबले. अंग चोरून रेघेला चिकटले, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. किंचित मान लववून पुढं निघाले.

"मामाजी, पाणी देऊ का?" सीमानं हाक मारली.

"नको बेटा. इथं गारवा आहे." त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

"बोलवा त्यांना," सीमा हळूच म्हणाली. "अहो, बोलवा आत्ताच्या आत्ता."

"चालू दे. हौस फिटू दे."

गल्ली डावीकडं वळत होती. यादवराव वळले.

आणि दिसेनासे झाले.

समाधान रेघा तुडवत धावला. वडिलांची पावलं वळणापर्यंत वाळूत उमटली होती. पुढं नव्हती. चारी बाजूंना उघडा माळ होता.

"बाबा!"

"अरे, इथंच आहो मी." आवाज हाताच्या अंतरावरून आला, मधे भिंत असल्यासारखा दबका. "तू कुठी गेला रे? मले तर परतायचा रस्ताच दिसत नाही."

"हलू नका बाबा. तिथंच थांबा."

तेवढ्यात वारा सुटला. उत्तरेकडून धूळ सरपटत आली.

"रेघा!" सीमा ओरडली. "रेघा पुसल्या जाताहेत!"

समाधाननं पोतं फाडलं. ओंजळीनं फक्की ओतत तो गुडघ्यांवर सरकू लागला. वारा ती उचलून नेत होता. तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"बाबा, मी नेतो तुम्हाला. यॉर्कला नेतो. खरंच नेतो."

त्यानं पोत्यातून पुन्हा ओंजळ भरली.

मग पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. जीव भांड्यात पडल्यासारखा, लाडाचा.

"आला का पोरा? किती हाका मारल्या तुले. धर, हात धर माझा."

समाधान रेघेच्या अलीकडंच होता. दोन्ही हात फक्कीनं माखलेले.

काठीची टकटक लांब जाऊ लागली. तिच्या जोडीनं बुटांची पावलं वाजत होती, म्हाताऱ्याच्या चालीशी जुळवून घेत, सावकाश.